हॅनिगन मॅडमची ओटी

प्रिन्सिपॉल साहेब, तुम्ही एका पोटुशी बाईची ओटी रिकामी केलीत. नियमाला धरून केलीत, थंडगार खोलीत बसून, सगळ्यांना पाणी विचारून केलीत. आणि वर आमच्याशी हात मिळवलात, जणू आमच्यावर उपकार केलेत.

तुमच्या अहवालात या प्रकरणाला काय म्हटलंय ते मी वाचलंय. 'उमेदवाराच्या कुटुंबाकडून निवड समितीच्या सदस्याला भेटवस्तू.' वाचणाऱ्याला वाटेल, आम्ही त्या मॅडमना मनगटी घड्याळ दिलं असेल, नाहीतर सोन्याचं बिस्कीट. तेव्हा काय झालं ते मी सांगतो. मी तिथे होतो. नारळ मीच आणला.

माझी मोठी बहीण सुनीती इथे दोह्यात, फरीज बिन ओमरानमध्ये राहते. आम्ही नाशिकचे. ताई एम.एससी. झालेली, केमिस्ट्रीत. तिचे यजमान यशोधन, आमचे दाजी, समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर कामाला. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. त्यांची एकुलती एक मुलगी उर्वी आठवीपासून तुमच्या शाळेत. मी बांधकामावर सुपरवायझर, राहायला अल मन्सूरात. दाजी नसतात तेव्हा उर्वीला आणणं-सोडणं माझ्याकडे, त्यामुळे तुमचं गेट मी तुमच्याइतकंच पाहिलंय.

मदिनत खलीफाचे व्हिला ओलांडले की तुमची शाळा. अमेरिकेतल्या कुठल्या तरी उपनगरातलं सरकारी हायस्कूल मुळापासून उपटून आणून वाळूत लावावं तशी. पिवळ्या बसा, निळ्या लॉकरच्या रांगा, भिंतीवर चोच वासून बसलेला बहिरी ससाणा. त्या ससाण्याच्या नावाने मुलं मॅचला ओरडतात. वर्षातून एक आठवडा रोज वेगळं सोंग. एक दिवस केस रंगवून यायचं, एक दिवस मोजे वेगवेगळे, एक दिवस नाइट ड्रेसवर. पहिल्या वर्षी त्या नाइट ड्रेसच्या दिवशी ताईने उर्वीच्या पायजम्याला कडक इस्त्री करून दिली होती. अख्ख्या शाळेत घडी पाडलेला नाइट ड्रेस घालून आलेली ही एकटीच. संध्याकाळी रडत आली. दुसऱ्या वर्षी तिने स्वतःच्या हाताने तो चुरगाळला. तिसऱ्या वर्षी ती हसवणारी झाली, व्हॉलीबॉलच्या संघात गेली, लॉकरमध्ये आरसा लावला, आणि घरी मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. वाढली म्हणजे.

त्या लॉकरवर मुलांची नावं चिकटवलेली असतात. वर्षाच्या मध्येच कुणाच्या बापाचं कंत्राट संपतं, व्हिसा जातो, आणि मग एका आठवड्यात कुटुंब विमानात. नावाची पट्टी खरवडून काढतात; मागे गोंदाचा पांढरा चौकोन राहतो. उर्वी बारावीला पोचेपर्यंत तिच्या रांगेत असे बरेच चौकोन झाले होते. फुजैल लाहोरला गेला. ईश्वरी पिंपरीला. जाहिदा चितगावला, तीही परीक्षेच्या तोंडावर. कुणाला नीट निरोप नाही. बाकीची मुलं निदान तुमचा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून स्टेजवरून जातील. ही मुलं कशातच नाहीत, जणू कधी नव्हतीच.

उर्वीचं भाषण त्यांच्यावर होतं. तुम्हाला माहीत आहे, तुमच्या टेबलावर आलं होतं ते. पदवीच्या समारंभात एका विद्यार्थ्याने सगळ्यांच्या वतीने बोलायचं असतं आणि त्यासाठी तीन शिक्षकांची समिती निवड करते. उर्वीने वर्गातून निघून गेलेल्या प्रत्येकाला फोन लावला. तुझं नाव घेतलं तर चालेल का, विचारलं. सगळे हो म्हणाले. समारंभ इंटरनेटवर दिसतो, आम्ही बघायला बसू, म्हणाले. फुजैल म्हणाला, माझं आडनावपण घे, अम्मी बसणार आहे बघायला. म्हणजे भाषण होण्याआधीच पोरीने शब्द देऊन ठेवला होता.

हॅनिगन मॅडम समितीतल्या तिघांपैकी एक. इंग्रजी शिकवतात, व्हॉलीबॉलच्या संघाचंही बघतात. ओहायोच्या. पहिलटकरीण, तेव्हा सातवा महिना.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मॅच संपली आणि मी पोचू शकलो नाही. साइटवर स्लॅब चालू होता. काँक्रीट अर्धं सोडून निघता येत नाही. मॅडमनी उर्वीला स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. ताई खाली उतरली ती आभार मानायला, आणि तिला दिसलं ते पोट. खलास. लिफ्ट बंद होती, तरी तिने मॅडमना हाताला धरून दोन जिने वर आणलं.

मला फोन. "श्रीपा, कुठे आहेस?"

"निघतोय. का?"

"येताना नारळ आण. शेंडीचा."

"ताई, इथे शेंडीचा कुठला? सोललेले मिळतात, चेंडूसारखे."

"मन्सूरात राहतोस आणि नारळ मिळत नाही म्हणतोस? लाज वाटत नाही?"

"मॅडम थांबतील का तोवर?"

"मी तिला थालीपीठ वाढलंय. संपलं की दुसरं टाकते. तू ये लवकर, नाहीतर फुटेल ती."

तीन दुकानं फिरलो. शेवटी एका मल्याळी दुकानदाराने नव्या गाडीपुढे फोडायला ठेवलेला स्वतःचा नारळ काढून दिला. पोटुशी बाई बसलीये म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. हेही लिहून घ्या तुमच्या अहवालात, भेटवस्तूत त्याचाही वाटा आहे.

मी पोचलो तेव्हा मॅडम तिसऱ्या थालीपिठावर होत्या आणि उर्वी भिंतीत शिरता येईल का ते बघत होती.

"आई, प्लीज. शी इज माय टीचर."

"टीचर शाळेत. इथे ती पोटुशी आहे."

मॅडमना पदर कुठला असणार. गुडघ्यापर्यंतचा ढगळ फ्रॉक. ताईने स्वतःची ओढणी त्यांच्या खांद्यावर टाकली, दोन टोकं त्यांच्या हातात दिली, असं धर म्हणून दाखवलं. पाटावर बसता येईना म्हणून खुर्चीवरच बसवलं. हळदकुंकू लावलं. मग नारळ, तांदूळ, खारीक, सुपारी, हळकुंड, वर एक रुपया, आणि खण. खण मात्र साधा नव्हता. जांभळा, बारीक नक्षीचा, लाल काठाचा. ताईने तो स्वतःसाठी ठेवला होता. मी बघितलं तिच्याकडे. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मॅडमनी उर्वीला विचारलं, हे कशासाठी.

उर्वी कानापर्यंत लाल झाली होती. पण सांगितलंन नीट. म्हणाली, "बाळ नीट यावं म्हणून. आणि तुम्ही आमच्या घरून रिकाम्या जाऊ नये म्हणून."

मॅडम आधी हसल्या. मग म्हणाल्या, माझी आई तिकडे आहे, तिला गुडघ्यांमुळे एवढा प्रवास जमणार नाही. इथे मला सगळे एकच विचारतात, रजा कधीपासून घेणार. हे 'सगळे' म्हणजे कोण, ते तुम्हालाच विचारतो.

भरलेल्या ओटीतले चार दाणे ताईने परत उचलले आणि आपल्या तांदळाच्या डब्यात टाकले. तशी रीत आहे. तेवढंच परत घ्यायचं असतं. फोटो मी काढला. ताईने तो फोनच्या स्टेटसला लावला, खाली लिहिलं, 'उर्वीच्या मॅडमची ओटी भरली.' आमच्या मंडळातल्या बायकांनी हात जोडले, फुलं पाठवली.

पुढच्या आठवड्यात निवड झाली. उर्वीची.

इथे आमची चूक झाली, ती मी कबूल करतो. आमच्यात एकाच्याही डोक्यात या दोन गोष्टी शेजारी आल्या नाहीत. पोटुशी बाई दारात आली म्हणजे आम्हाला तेवढंच दिसतं. ती कुठल्या समितीवर आहे हे बघायची आम्हाला सवय नाही. फोटो बघून कुणीतरी तुमच्याकडे तक्रार केली. ओळखीतलंच कुणीतरी असणार, मराठी वाचता येणारं. तुम्ही नाव सांगितलं नाहीत, बरं केलंत. त्यांच्याही घरात बारावीचं पोर असेल, त्यानेही रात्रंदिवस घासली असेल. माझा त्यांच्यावर राग नाही. तुमच्यावर आहे, कारण तुम्ही आमचं सगळं ऐकून घेतलंत आणि तरीही तसंच वागलात.

तुमच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. तुम्ही विचारलंत, हा काय प्रकार आहे. मी दुभाषा. माझं इंग्रजी साइटवरचं. सळया, सिमेंट, सेफ्टी हेल्मेट इथपर्यंत पोचतं. मी म्हणालो, गिफ्ट फॉर प्रेग्नंट लेडी. तुम्ही 'गिफ्ट' लिहून घेतलंत. खाली रेघ मारलीत. ताईला इंग्रजी येतं, पण तुमच्यापुढे तिला मराठीच सुचत होतं.

मग उर्वी बोलली. म्हणाली, ही भेट नाही. गरोदर बाई घरी आली तर तिला मोकळ्या ओटीने पाठवत नाहीत. हॅनिगन मॅडम नसत्या, खालची झाडूवाली असती तरी आईने हेच केलं असतं.

तुम्ही विचारलंत, "बदल्यात तुझ्या आईची अपेक्षा काय होती?"

उर्वीने ते आईला विचारलं.

ताई म्हणाली, "बाळंतपण सुखरूप व्हावं. दुसरी काय अपेक्षा असणार?"

हेही तुम्ही लिहून घेतलंत. मग यादी वाचलीत. कापडाचा तुकडा, एक. तांदूळ, बरणीभर. सुकामेवा. मसाल्याची मुळी. आणि रोख रक्कम, परकीय चलनात. म्हणजे तो रुपया. मॅडमनी हे सगळं तुमच्याकडे जमा केलं होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून. नारळाच्या पुढे लिहिलं होतं, 'खाल्ला, असं सदस्याचं निवेदन.' ते वाचताना तुमच्याही ओठाच्या कोपऱ्याला हसू आलं. मी पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, हा माणसात आहे, हे मिटेल.

आणि तुम्ही मिटवलंतच. म्हणालात, मला तुमचा हेतू कळतो. उर्वी गुणी मुलगी आहे. नियमाला एकच हवंय, वस्तू परत जायला हव्यात. गुरुवारी रिसेप्शनवरून पिशवी घेऊन जा, मिळाली म्हणून सही करा. प्रकरण बंद. उर्वी भाषण करेल. तोवर हॅनिगन मॅडमशी कसलाही संपर्क नको.

मी तीनदा शुक्रन म्हणत आभार मानले. तुमचा हात दोन्ही हातांनी धरला. उर्वीने गाडीत बसल्या बसल्या ईश्वरीला मेसेज टाकला. मी एसी लावला, म्हटलं चला, सुटलो.

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "मी नाही घेणार."

"काय नाही घेणार?"

"पिशवी. भरलेली ओटी परत घेऊ? बाळंत व्हायच्या आधी? मला नाही जमायचं, श्रीपा."

"ताई, कापड आहे ते."

"मग तू घे तुझ्या बायकोची, ती पोटुशी असताना."

माझं लग्न झालेलं नाही. एरवी ती यावर हसली असती.

उर्वी वळली. "आई, इट्स माय स्पीच."

"माहीत आहे मला."

"मी सगळ्यांना प्रॉमिस केलंय. फुजैलची अम्मी बघणार आहे. आणि तू तांदूळ परत घ्यायला नाही म्हणतेस? सीरियसली? यू हॅव अ मास्टर्स इन केमिस्ट्री."

ताई खिडकीतून बाहेर बघत राहिली. समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याच्या बाजूला काम चालू होतं, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या.

पुढचे दोन दिवस उर्वी ताट उचलून स्वतःच्या खोलीत जेवली. मीही ताईच्याच मागे लागलो होतो, हे सांगतो. दाजींचा प्लॅटफॉर्मवरून फोन आला. ते मवाळ माणूस. म्हणाले, "सुनी, घेऊन टाक गं. पोरीचं नुकसान नको. देवळात ठेव हवं तर." ताई शेवटी म्हणाली, "बरं. घेते. फक्त आधी त्या मॅडमना एक फोन करू दे. तुमच्या जिवाला काही नाही ना वाटणार, एवढं विचारते. ती चालेल म्हणाली तर माझ्या मनात काही नाही."

मी तुमच्या ऑफिसला फोन केला. संपर्काला मनाई आहे, असं उत्तर आलं. चौकशी चालू असताना साक्षीदाराशी बोलता येत नाही. बाळंतपण तिचं, ओटी तिची, आणि तुमच्या कागदात ती साक्षीदार.

ताई म्हणाली, "असू दे. घेते मी."

गुरुवारी सकाळी उर्वीची समारंभाची तालीम होती. मी तिला सोडायला निघालो. ताई दुपारी येणार होती. गाडीत उर्वी खुशीत होती, गुणगुणत होती. मला राहवलं नाही. तिला माहीत नसलेली एक गोष्ट मी तिला सांगितली. तुमच्या खोलीत ती सांगितली नव्हती, कारण ती तुमच्या यादीत बसणारी नव्हती.

उर्वीच्या आधी ताईला एकदा दिवस गेले होते. सातव्या महिन्यात माझ्या आईने माहेरची ओटी पाठवली. ताईच्या सासरी त्या दिवशी मानपानावरून काहीतरी बिनसलं. सासूबाईंना साडी कमी भारीची आली, असलं काहीतरी. त्यांनी ओटी तशीच्या तशी परत पाठवली. स्टीलच्या डब्यात आली ती आमच्या दारात, नारळासकट. त्यानंतर दोन आठवड्यांत ताईचं बाळ गेलं. मुलगा होता. सासूबाई पुढे स्वतःहून येऊन ताईच्या गळ्यात पडून रडल्या. त्यांनाही ते आयुष्यभर पुरलं. आता त्या नाहीत.

उर्वी म्हणाली, "मामा, दॅट्स नॉट कॉजेशन. एकामुळे दुसरं होत नाही."

"माहीत आहे मला. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डॉक्टरांनी तेव्हाच कारण सांगितलं होतं, कागद आहेत."

"मग?"

"मग काय. माहीत असतं आणि तरी हात पुढे होत नाही. तुझ्यासाठी आज ती करणार आहे. तुला नुसतं सांगून ठेवलं."

गेट आलं. ती उतरली, दार लावायला विसरली.

दुपारी ताईला घेऊन आलो. तुमच्या रिसेप्शनवर तसनीम म्हणून मुलगी असते, हैदराबादची. तिने काउंटरखालून खाकी कागदाची पिशवी काढली आणि वर ठेवली. बाहेर चिठ्ठी चिकटवलेली होती, प्रकरणाचा क्रमांक, तारीख. पिशवीच्या तोंडातून खणाचा लाल काठ दिसत होता. तालीम संपवून उर्वीही येऊन उभी राहिली. काळा झगा अंगावर तसाच, टोपी काखेत.

तसनीमने पेन पुढे केलं. "बाजी, यहाँ साइन कर दीजिए. बस, बात खलास."

ताईने पेन घेतलं. कागदावर वाकली. चष्मा विसरली होती, म्हणून डोळे बारीक करून रेघ शोधत होती, असं मला वाटलं. मग पाहिलं तर ती रेघ शोधत नव्हती. दुसऱ्या हाताने काउंटरची कड घट्ट धरली होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. "मेल्या पेनाला शाई नाही वाटतं," ती म्हणाली. तिने अजून ते टेकवलंही नव्हतं.

"लीव्ह इट, आई," उर्वी म्हणाली.

"अगं करतेय ना. थांब जरा. नुसतं कापड आहे."

"पेन दे."

"उर्वी, वेडेपणा करू नकोस. ती मुलं वाट बघतायत ना तुझी?"

उर्वीने तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि तसनीमसमोर ठेवलं. तसनीमला इंग्रजीत म्हणाली, आम्हाला ही पिशवी नको आहे, ती आमची नाही, मिस हॅनिगनची आहे, त्यांना द्या. मग आईकडे वळली. म्हणाली, "तू सही केलीस तर स्टेजवर मला तुझा हा हातच दिसत राहील. मी बोलूच शकणार नाही. चल घरी."

ताई तिथेच उभ्याने रडली, तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता. मी तुमच्या भिंतीवरच्या ससाण्याकडे बघत राहिलो. तसनीमने पिशवी दोन्ही हातांनी उचलली, एखादं तान्हं उचलावं तशी, आणि खाली ठेवली. "मैं संभाल के रखूँगी," ती हळूच म्हणाली. तिचं नाव मी लिहितोय म्हणून तिला त्रास देऊ नका. तुमच्या इमारतीत त्या दिवशी तिनेच एकटीने नीट वागून दाखवलं.

तुमचा ईमेल त्याच संध्याकाळी आला. कुटुंबाने सहकार्य न केल्यामुळे भाषणाची संधी पुढच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला. तो कुशल. चांगला पोरगा आहे. तो घरी आला, दारातच उभा राहिला. उर्वीला म्हणाला, तुझी नावं मी वाचतो, मला दे. तिने दिली. तुमच्या ऑफिसने त्याला सांगितलं, मजकूर मंजूर झालाय, आता भर घालता येणार नाही.

उर्वीने प्रत्येकाला फोन करून सांगितलं, मी बोलणार नाहीये. का, ते सांगितलं नाही. फुजैल चिडला, दोन दिवस बोलला नाही. तरी समारंभाच्या दिवशी निघून गेलेली सगळी मुलं आपापल्या देशात स्क्रीनसमोर बसली. कुशल स्वप्नांवर बोलला, बरा बोलला. उर्वी स्टेजवरून गेली, तुम्ही हात मिळवलात, फोटोत तुम्ही छान आलात. तेवढ्यात ईश्वरीचा मेसेज आला, 'टोपीचा गोंडा भलत्याच बाजूला आहे, बावळट.' उर्वी खुर्चीत बसून फोन झग्यात लपवून हसत होती. तिने तो मेसेज मला पुढे पाठवला, मी शेजारी बसलेल्या ताईला दाखवला. ताई म्हणाली, "बसवायला नको होता का कुणी नीट?"

घरी आता ठीक चाललंय. उर्वी ऑगस्टमध्ये शिकायला जाईल. ताई तिला थालीपीठ शिकवते आणि ती इंग्रजीत कुरकुर करत शिकते. भाषण गेलं ते गेलं. ते मी तुमच्याकडे परत मागत नाही. पण काल मी रिसेप्शनला फोन केला होता. पिशवी अजून काउंटरखालीच आहे. तसनीम म्हणाली, सुट्टी लागली की न नेलेल्या वस्तू फेकून देतात, तसा नियम आहे. हॅनिगन मॅडमची रजा सुरू झालीये. त्यांचे दिवस भरत आलेत, बाळंतपण इथेच, दोह्यात. ताई रोज दिवा लावताना त्यांचं नाव घेते. उच्चार चुकतो तिचा, पण घेते.

आता तुमच्याच नियमाने चला. निवड होऊन गेली. समिती बरखास्त झाली. उर्वी कसलीही उमेदवार नाही, तुमची विद्यार्थिनीसुद्धा नाही. भाषण तुम्ही काढून घेतलंत, म्हणजे त्या खणाच्या बदल्यात आम्हाला काहीच मिळालं नाही, हे तुम्हीच तुमच्या सहीने सिद्ध केलंत. मग तुमच्या काउंटरखाली पडलेली ती पिशवी आता कशाची लाच आहे? आणि लाच नसेल, तर ज्या बाईची ती ओटी आहे तिच्या घरी, तिला कळा सुरू व्हायच्या आत, तुम्ही ती कोणत्या दिवशी पोचवताय? तारीख सांगा.